बरगडी कुठली, आच किती?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे कोळशावर भाजायच्या बरगड्यांविषयी आहेत. श्रावण संपून थंडीची चाहूल लागली की बेळगाव भागात शेगड्या अंगणात येतात, त्यामुळे याचे नवल नाही. काही प्रश्न परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांच्या स्वयंपाकाविषयी आहेत आणि त्यांत गोमांसाचा उल्लेख आहे. ज्यांच्या घरी ते चालत नाही त्यांनी थेट बोकडाच्या मटणाविषयीच्या उत्तराकडे वळावे. तरीही पहिले उत्तर नजरेखालून घातले तर बरे, कारण गाय, म्हैस, मेंढी आणि शेळी या साऱ्यांच्या छातीच्या पिंजऱ्यात बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात आणि त्यांची रचनाही बरीचशी सारखी असते.

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई अमेरिकेत टेक्सस राज्यात ऑस्टिनजवळ राहतात. गेल्या वर्षी आम्ही दोघे तिकडे होतो, तेव्हा जावयांनी अंगणातल्या स्मोकरवर (धुरावर मांस भाजायच्या झाकणाच्या शेगडीवर) बऱ्याचदा गोमांसाच्या बरगड्या केल्या. कधी त्या उत्कृष्ट होत, कधी वातड राहत, तर कधी हाडाला मांसच नसे. दुकानात बॅक रिब्ज, शॉर्ट रिब्ज, चक, प्लेट अशी नावे होती आणि भावांतही मोठा फरक होता. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणे आहे. नेमके काय घ्यावे आणि ते ओळखावे कसे? (एक वाचक, कॅम्प, बेळगाव)

उत्तर : आपल्या जावयांच्या हाताला दोष देता येणार नाही. त्यांनी बहुधा तीन निरनिराळे जिन्नस एकाच वेळापत्रकाने भाजले असावेत.

अमेरिकेत धडाचा पुढचा आणि मागचा भाग बाराव्या व तेराव्या बरगडीच्या मधून वेगळा करतात, म्हणून तेरावी बरगडी कमरेकडच्या मांसाबरोबर जाते आणि बार्बेक्यूच्या हिशेबात ती धरली जात नाही. उरलेल्या बारांपैकी पहिल्या पाच खांद्याखाली येतात. त्या भागाला तिकडे चक म्हणतात. सहावी ते बारावी अशा सात बरगड्यांचा कण्यालगतचा वरचा भाग म्हणजे रिब, आणि त्याच बरगड्या पोटाच्या दिशेने जिथे खाली उतरतात तो भाग म्हणजे प्लेट. एवढा नकाशा डोक्यात बसला की दुकानातल्या पाकिटांचा गोंधळ बराच कमी होतो.

कण्यालगतच्या स्नायूंना जनावर फारसे राबवत नाही, त्यामुळे तिथले मांस मऊ असते आणि थोड्या वेळात शिजते. खांदा आणि छाती यांचे स्नायू मात्र चालताना आणि शरीराचा भार पेलताना सतत कामात असतात. त्यांच्यात कोलॅजेन नावाचे चिवट जोडधागे भरपूर असतात. हे धागे झटपट आचेवर आखडतात आणि मांस वातड करतात. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या वर, पुष्कळ वेळ, मंद आचेवर ठेवले तरच ते विरघळून त्यांचे जिलेटिन होते, आणि मग तेच मांस ओलसर, तोंडात सहज विरणारे लागते. वातडपणाचे कारण आणि अप्रतिम चवीचे कारण अशा प्रकारे एकच आहे. मधला फरक फक्त वेळेचा.

आता पाकिटांकडे वळू. बॅक रिब्ज कण्यालगतच्या. तिथल्या मांसाचा मोठा गोळा, म्हणजे रिबआय, कसाई आधीच काढून घेतो, कारण तो सर्वात महाग विकला जातो, आणि त्यामुळे हाडावर मांस सोडण्यात त्याचे नुकसान असते. मागे उरतात त्या सात बाकदार बरगड्या. मांस मुख्यतः त्यांच्या मधल्या खाचांत असते आणि वरच्या बाजूला कित्येकदा हाड उघडे दिसते. कधी हाडाला मांसच नसे असे आपण लिहिले आहे, ते याच पाकिटाचे काम असावे. त्या वाईट नसतात. पण त्यांना तीन ते चार तास पुरतात, आणि प्लेटच्या बरगड्यांबरोबर त्या आठ तास ठेवल्या तर मांस सुकून हाडाला चिकटून बसते.

प्लेट शॉर्ट रिब्ज सामान्यतः सहावी, सातवी आणि आठवी अशा तीन बरगड्यांच्या अखंड पाटीच्या रूपात विकल्या जातात. हाडे रुंद, जवळजवळ सरळ आणि वीतभराहून लांब असतात. मांस हाडांच्या मध्ये असते त्याहून जास्त हाडांच्या वर, बोटांची चार पेरे आडवी ठेवावीत एवढ्या जाडीचे, आणि त्यात चरबीच्या बारीक रेषा पसरलेल्या दिसतात. टेक्ससच्या हॉटेलांत एकेक हाड वजनावर विकतात ते हेच. ऑस्टिनच्या ईशान्येला टेलर नावाचे गाव आहे, तिथले १९४९ पासून चालू असलेले लुई म्यूलर बार्बेक्यू याच बरगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपण तिकडे असाल तेव्हा एकदा जाऊन ताटात काय येते ते पाहावे, म्हणजे घरी कुठवर पोचायचे आहे याचा अंदाज येईल.

चक शॉर्ट रिब्ज खांद्याखालच्या, बहुधा दुसरी ते पाचवी अशा चार बरगड्यांच्या. हाडे आखूड असतात, पण मांस जाड आणि चवीला दमदार असते. घरगुती स्मोकरसाठी मला त्या प्लेटपेक्षा अधिक सोयीच्या वाटतात, कारण त्या जाळीवर मावतात, पाच-सहा तासांत होतात आणि चार माणसांच्या घरात दुसऱ्या दिवसासाठी ढीग उरत नाही. केवळ शॉर्ट रिब्ज एवढेच लिहिलेले असेल तर ते चकचे की प्लेटचे हे काउंटरवर विचारून घ्यावे. विचारायला कोणी नसेल तर पाकीट आडवे धरून बाजूने पाहावे : मांस हाडाच्या वर किती आणि मध्ये किती, हे दिसले की नावाची गरज उरत नाही. पाकिटावर प्राइम, चॉइस, सिलेक्ट अशी प्रतवारीही असते. ती मुख्यतः मांसात विखुरलेल्या चरबीवरून ठरते. लांब भाजणीसाठी चॉइस पुरते. सिलेक्ट टाळावे.

भाजण्याविषयी थोडक्यात. टेक्ससची पद्धत साधी आहे : जाडसर मीठ आणि जाडसर मिरपूड, एवढेच. स्मोकरमधली हवा ११० ते १३५ अंश सेल्सिअस ठेवावी आणि मांस आचेच्या थेट वर येऊ देऊ नये. आपल्या जावयांना एका गोष्टीची मात्र आगाऊ कल्पना द्यावी. मांसाच्या आतले तापमान सुरुवातीला भराभर वाढते आणि ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी अडते. तासन् तास काटा हलत नाही. आच कमी झाली असे समजून लोक इथे कोळसा वाढवतात आणि सारे बिघडते. घाम आल्यावर अंग गार व्हावे त्याप्रमाणे मांसाच्या पृष्ठभागावरचे पाणी उडत असते आणि तेवढ्यापुरती उष्णता खर्ची पडत असते, एवढेच त्याचे कारण. धीर नसेल तर या टप्प्यावर पाटी कसाई वापरतात त्या जाड कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळावी. प्लेट आणि चक ९३ ते ९६ अंशांच्या आसपास तयार होतात, पण आकड्यापेक्षा सळईवर भरवसा ठेवावा : मांसात खुपसलेली बारीक सळई कुठेही न अडता आत गेली पाहिजे. त्याच सुमारास मांस हाडाच्या टोकापासून बोटभर मागे सरकलेले दिसते. मग गुंडाळून किमान अर्धा-पाऊण तास तसेच ठेवावे आणि त्यानंतरच हाडे सुटी करावीत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दुबईत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आहे. त्याने पाठवलेल्या फोटोत अगदी पातळ पट्टी होती आणि तिच्या एका कडेला हाडाच्या तीन-चार चकत्या होत्या. ती गोमांसाची बरगडीच आहे आणि पाच मिनिटांत होते असे तो म्हणतो. बरगडीला तर तासन् तास लागतात ना? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ती पट्टी शॉर्ट रिब्जचीच आहे, कापण्याची दिशा तेवढी बदलली आहे. हाडाच्या लांबीच्या दिशेने, दोन बरगड्यांच्या मधून सुरी घातली तर प्रत्येक तुकड्याला एक अखंड हाड आणि त्यावर मांसाचा जाड ठोकळा मिळतो. याला इंग्लिश कट म्हणतात. याउलट यांत्रिक करवतीने सगळ्या हाडांना आडवे छेदत गेले तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीच्या लांब पट्ट्या निघतात आणि प्रत्येक पट्टीत ओळीने तीन-चार हाडांचे छेद दिसतात. याला फ्लँकन म्हणतात. पूर्व युरोपातल्या ज्यू घरांत हीच पट्टी उकळून शिजवण्याची रीत आहे, तर अमेरिकेतल्या कोरियन लोकांनी ती सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचे तेल आणि किसलेले नाशपाती यांत मुरवून निखाऱ्यावर भाजायला घेतली. लॉस एंजेलिसच्या नावावरून तिला एलए गाल्बी म्हणतात. कोरियातल्या जुन्या पद्धतीत मात्र एकाच हाडावरचे मांस सुरीने उलगडत नेऊन हाडाला जोडलेली लांब पातळ पट्टी करतात. हात तयार असल्याशिवाय ते जमत नाही.

पाच मिनिटांत कोलॅजेन विरघळत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. इथे ते विरघळवायचेच नसते. पट्टी इतकी पातळ असते की चिवट धागे आधीच तोकडे झालेले असतात आणि दातांना त्यांच्याशी फारसे झगडावे लागत नाही. बाकीचे काम त्या खारट-गोड मुरवणीचे. निखारे धगधगीत हवेत, पण साखरेमुळे पट्टी लवकर करपते, म्हणून एकेका बाजूला दोन-तीन मिनिटांहून अधिक काळ ठेवू नये. अर्जेंटिनात अशाच आडव्या पट्ट्या थोड्या जाड कापून, नुसते मीठ लावून, मंद निखाऱ्यांवर बराच वेळ भाजतात, आणि तिथे ती चावून खाण्याचीच चीज मानतात. भावाच्या हॉटेलात इंग्लिश कटचा ठोकळा पाच मिनिटांत वाढला जाऊ लागला, तर मात्र गिऱ्हाईक परत येणार नाही.

प्रश्न : बरगड्यांच्या आतल्या बाजूचा पांढरट पापुद्रा काढावा की ठेवावा? (एक वाचक, अथणी)

उत्तर : बॅक रिब्ज आणि बोकडाचा चाप यांवरचा काढावा, कारण थोड्या वेळात तो मऊ होत नाही आणि मीठमसाला आत जाऊ देत नाही. चमच्याचा दांडा एका टोकाच्या हाडावरून पापुद्र्याखाली सरकवावा, सुटलेले टोक कोरड्या फडक्याने घट्ट धरावे आणि एका दमात ओढावे. बोटांनी तो निसटतो. प्लेट आणि चक यांच्या पाटीवरचा राहू द्यावा. आठ तासांनंतर मांस हाडांवरून गळून पडू नये म्हणून त्याचा आधारच होतो, आणि वाढताना तो सहज बाजूला करता येतो. वरच्या बाजूला, मांसावर असलेली जाड चंदेरी साल आणि घट्ट चरबीचा थर मात्र आधीच सुरीने तासून काढावा, कारण तो विरघळत नाही.

प्रश्न : आमच्या भागात म्हशीचे मांस मिळते. व्हिडिओत पाहून आम्ही तिच्या बरगड्या चार तास निखाऱ्यांवर ठेवल्या, पण दात लागेना. अमेरिकेतल्या बरगड्यांसारखे हे मांस का होत नाही? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : जनावराच्या वयामुळे. कर्नाटकच्या २०२० च्या गोहत्या प्रतिबंधक कायद्यानुसार गाय, बैल, वळू आणि वासरू यांची कत्तल कोणत्याही वयात करता येत नाही. १३ वर्षांपेक्षा जास्त वयाची म्हैस किंवा रेडा मात्र सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावर कापता येतो. म्हणजे आपल्याकडे कायदेशीरपणे मिळणारे मांस हे दूध देऊन किंवा राबून थकलेल्या, पुरत्या वयस्क जनावराचे असते. अमेरिकेत बार्बेक्यूसाठी जाणारी गुरे बहुधा दीड ते दोन-अडीच वर्षांची आणि शेवटचे काही महिने धान्यावर पोसलेली असतात. वय वाढते तसे कोलॅजेनच्या धाग्यांमधले जोड पक्के होत जातात आणि ते विरघळायला फार अधिक वेळ लागतो. शिवाय म्हशीच्या मांसात आतवर पसरलेली चरबी कमी, त्यामुळे कोरड्या उष्णतेत ते लवकर सुकते. तिकडच्या व्हिडिओतले वेळापत्रक इकडे लागू पडणार नाही, मग आच कितीही सांभाळली तरी.

यावर उपाय एकच, आणि तो आपल्या स्वयंपाकघरात नवा नाही : आधी पाण्यात शिजवून मग निखाऱ्यावर नेणे. बरगड्या दोन-दोन हाडांच्या तुकड्यांत घ्याव्यात. किलोला बारा-पंधरा ग्रॅम मीठ, हळद, आले-लसूण वाटण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात, तमालपत्र, मिरे आणि दोन मसाला वेलदोडे टाकून, झाकण ठेवून मंद आचेवर अडीच-तीन तास किंवा कुकरमध्ये पाऊण तास शिजवाव्यात. मांस सुरीच्या टोकाने तपासावे. हाडावरून सुटायला लागले पण अजून गळाले नाही, तिथे थांबावे. मग पाण्यातून काढून उघड्यावर पूर्ण गार होऊ द्याव्यात. ही पायरी गाळू नये : गार झाल्यावर मांस पुन्हा घट्ट बसते आणि जाळीवर तुटत नाही. शेवटी तेलात कालवलेला मसाला लावून दहा-बारा मिनिटे निखाऱ्यांवर फिरवाव्यात. उरलेले पाणी गाळून, आटवून, त्याच मसाल्यात मिसळून वरून लावत राहिले तर कोरडेपणा जाणवत नाही. कच्च्या पपईची पेस्ट मी इथे सुचवणार नाही. ती पृष्ठभागावर काम करते, दोन-तीन बोटे जाडीच्या मांसाच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, आणि प्रमाण थोडे चुकले की वरचा थर पिठूळ होतो व आतले जिथल्या तिथे राहते.

प्रश्न : बोकडाच्या बरगड्या हॉटेलात मिळतात तशा लांब दांड्यासह भाजायच्या आहेत, पण खाटीक रश्श्याचेच तुकडे करून देतो. त्याला काय सांगावे, आणि चाप व सीना एकत्रच भाजावा का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो : एकत्र भाजू नये. चाप म्हणजे कण्यालगतच्या बरगड्यांचा भाग, सीना म्हणजे त्याच बरगड्यांची छातीकडची टोके, कुर्च्या आणि चरबी. गायीच्या बाबतीत जी बॅक रिब्ज आणि प्लेट यांची कथा, तीच इथे लहान आकारात आहे. चापाला सहा ते दहा मिनिटे पुरतात, सीन्याला दीड-दोन तास लागतात. हॉटेलात चाप मऊ मिळतो आणि घरी वातड होतो, त्याचे कारण बहुतेक वेळा मटणवाल्याने दोन्ही एकाच पिशवीत घातलेले असतात हेच.

आता मटणवाल्याला काय सांगायचे. रविवारी सकाळी नऊ वाजता दुकानात गर्दी असताना यातले काही सांगून उपयोग नाही. शनिवारी संध्याकाळी जाऊन सांगावे किंवा फोन करावा. बेळगाव जिल्ह्यात मटण म्हणून बोकड आणि मेंढा दोन्ही विकले जातात, म्हणून पहिल्याने तेवढे स्पष्ट विचारून घ्यावे. मेंढ्याला चरबी जास्त, चव उग्र, आणि चरबी निखाऱ्यावर गळून ज्वाळा उठतात. भाजायला तो वाईट नाही, पण शेगडीपासून हलता येत नाही. बोकड घ्यायचा असेल तर फार कोवळा घेऊ नये. पालव्याच्या मटणाचा रस्सा उत्तम होतो, पण त्याच्या एका बरगडीवर दोन घासही मांस नसते.

खुंटीला टांगलेले धड खाटीक कण्यावरून उभे दुभागतो. मग खांदा वेगळा करतो. इथपर्यंत त्याला त्याच्या पद्धतीने करू द्यावे. खांदा निघाला की आत बरगड्यांचा कमानीसारखा पडदा दिसतो. इथे त्याला थांबवून सांगावे की सहावीपासून मागच्या बरगड्या अखंड ठेव, कण्यापासून साधारण वीतभर अंतरावर एक आडवा छेद दे, वरचा तुकडा चापाचा आणि खालचा सीन्याचा म्हणून वेगळा बांध. त्याच्या सत्तुराचा घाव ठोकळ्यावर पडला की बोकडाचे बारीक हाड फुटते आणि त्याचे काटेरी कपचे मांसात घुसतात, म्हणून कण्याच्या बाजूला, दर दोन बरगड्यांनंतर, आधी सुरीने मांस चिरून मग सत्तुराचा एकच घाव घालायला सांगावे. एका तुकड्यात दोन हाडे ठेवावीत. घरी आल्यावर त्यातल्या एका हाडाच्या टोकाचे दोन बोटे मांस खरवडून काढले की धरायला दांडा तयार होतो. खरवडलेले मांस खिम्यात टाकावे.

चाप मुरवायला घट्ट दही, आले-लसूण, हळद, मीठ, थोडे तेल आणि ब्याडगी मिरचीची पूड एवढे पुरे. ब्याडगीचा रंग खुलतो आणि तिखटपणा बेताचा राहतो. संकेश्वरी मिरची आवडत असेल तर निम्मी घालावी. कांदा-लसूण मसाला सुरुवातीला लावू नये, कारण त्यातले सुके खोबरे आणि कांदा निखाऱ्यावर लगेच करपून कडवट होतात. तो तेलात कालवून शेवटच्या मिनिटाला ब्रशने फिरवावा. तीन-चार तास मुरवणे पुरेसे आहे.

शेगडीतले निखारे एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ पसरावेत. जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरावा : दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावा लागला तर ती चापाची जागा, सहा-सात सेकंद सोसवले तर ती सीन्याची. चाप दाट निखाऱ्यांवर एकेका बाजूला तीन-चार मिनिटे भाजावा, मग विरळ बाजूला नेऊन दोन मिनिटे ठेवावा. थर्मामीटर असेल तर हाडाला न टेकवता सर्वांत जाड जागी खुपसावा : ६३ अंश सेल्सिअसला मांस सुरक्षित होते आणि आत किंचित गुलाबी राहते. आपल्याकडे बहुतेकांना गुलाबी आवडत नाही. त्यांनी ७० पर्यंत न्यावा, पण त्याच्या पुढे प्रत्येक मिनिट नुकसानीचे आहे.

सीना अखंड पट्टीच्या रूपातच घ्यावा. विरळ बाजूला ठेवून, शेगडीवर पालथे पातेले झाकण म्हणून घालून, अधूनमधून मिठाच्या पाण्याचा हबका मारत दीड-दोन तास ठेवला की चरबी वितळते, कुर्च्या नरम होतात आणि सुरी लोण्यात शिरावी तशी आत जाते. एवढा वेळ निखारे टिकवणे जमणार नसेल तर कुकरमध्ये तीन शिट्ट्या करून मग भाजावा. धुराचा वास कमी येतो, बाकी काही बिघडत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर चापापेक्षा सीन्याची चव वरचढ असते, आणि भाव तर एकच असतो.

प्रश्न : आमच्याकडे चांगला कोळसा महाग पडतो. शेतातले जळण चालेल का? धुराची चव येण्यासाठी कोणते लाकूड घ्यावे? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : बाभळीचे वाळलेले लाकूड आपल्या भागातले सर्वांत भरवशाचे; त्याचे निखारे घट्ट पडतात आणि बराच वेळ टिकतात. आंबा, पेरू आणि चिंच यांचा धूर सौम्य असतो, त्यामुळे मुख्य आच बाभळीची आणि वरून पेरूची एक-दोन ढलपी ही जोडी चांगली जमते. लाकूड किमान सहा महिने वाळलेले असावे. ओल्याचा पांढरा दाट धूर मांस कडू करतो, आणि पातळ, जवळजवळ न दिसणारा निळसर धूर निघू लागेपर्यंत मांस जाळीवर चढवूच नये. निलगिरी, कडुनिंब, रंग दिलेल्या फळ्या आणि प्लायवुड वर्ज्य. उसाची चिपाडे भसकन पेटून विझतात. ती कोळसा पेटवायला चालतील, भाजायला नाहीत. रॉकेल मात्र पेटवतानाही ओतू नये, त्याचा वास शेवटपर्यंत मांसाला येतो.

निपाणीहून विचारलेत म्हणून एक गोष्ट मुद्दाम लिहितो. तंबाखूची काढणी झाल्यावर शेतात उरलेले खुंट अनेक घरांत चुलीला लावतात. त्यांत निकोटिन असते आणि त्यांच्या धुरावर खाण्याची कोणतीही वस्तू उघडी भाजू नये. ज्या शेगडीत ते जाळले असतील तिच्यातली राख पूर्ण काढून, जाळी घासून, मगच ती मटणासाठी घ्यावी. कोळसाच घ्यायचे ठरले तर पावसाळ्यापूर्वी घेऊन घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावा. ऑगस्टमध्ये बेळगाव-खानापूरकडे उघड्या पोत्यातला कोळसा इतका दमट होतो की तो तडतडून ठिणग्या उडवतो आणि निम्मा वेळ स्वतःला वाळवण्यातच घालवतो.